वाद्य टिकवायचं तर आधी ते बनवणारा हवा

लोककलांवर सरकारनं पैसा खर्च करावा की नाही, यावर आपल्याकडे फारसं दुमत नाही. दुमत असायला हवं ते तो पैसा कुणाच्या हाती जावा यावर, आणि तिथे मात्र कुणी वादच घालत नाही. महोत्सव, पुरस्कार, मानधन, संग्रहालय, ध्वनिमुद्रण, माहितीपट ही आपली ठरलेली यादी. वाद्य बनवणारा माणूस त्या यादीत बहुधा नसतो आणि असलाच तर तळाशी असतो. माझं म्हणणं असं की तो सगळ्यात वर हवा. त्यासाठी मी उदाहरण घेतोय बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियाचं. तिथे एक वाद्य जवळजवळ संपलं होतं. ते पुन्हा उभं राहिलं, आणि ते कशानं उभं राहिलं नाही व कशानं राहिलं, हे तिथे अगदी लख्ख दिसतं.

बॅगपाइप म्हटलं की आपल्याला आठवतो तो प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातला लष्करी बँड किंवा चौकटीचा घागरा घातलेला स्कॉटिश वादक. पण पिशवीतल्या हवेवर वाजणारं हे वाद्य एका स्कॉटलंडचं कधीच नव्हतं. युरोपभर, उत्तर आफ्रिकेत, पश्चिम आशियात ते गावोगाव वेगवेगळ्या रूपांत होतं. एस्टोनियातल्या रूपाचं नाव तोरुपिल. एक हवेची पिशवी, तीत फुंकायची एक नळी, पाच-सहा भोकांची एक बोटांनी वाजवायची नळी, आणि एकच स्वर अखंड धरून ठेवणाऱ्या एक किंवा दोन लांब नळ्या. सनईवाल्याच्या मागे सूर धरणारा बसलेला असतो, त्याचं काम इथे या लांब नळ्या करतात. वादक पिशवीत हवा भरत राहतो आणि काखेनं दाबून ती नळ्यांत सोडतो, म्हणून त्यानं मध्येच श्वास घेतला तरी आवाज तुटत नाही.

ही पिशवी बेटांवर आणि पश्चिम किनाऱ्यावर करड्या सीलच्या जठराची असे. मोठ्या, वयस्क सीलचं जठर सगळ्यात चांगलं मानलं जाई, कारण ते उन्हानं तडकत नाही आणि दमटपणानं कुजत नाही. जिथे सील मिळत नसे तिथे बैलाचं, गायीचं किंवा कुत्र्याचं जठर वापरत, किंवा कातडं शिवून पिशवी करत. नळ्या जुनिपरच्या, पाइनच्या किंवा अ‍ॅश झाडाच्या लाकडाच्या. म्हणजे वाद्याचा प्रत्येक भाग त्या गावाच्या समुद्रातून, गोठ्यातून किंवा रानातून आलेला. असं वाद्य कारखान्यातून मागवता येत नाही. स्कॉटिश बॅगपाइप जगभर पसरला, कारण लष्करी बँडांमुळे त्याचं माप ठरून गेलं. आज तो पाकिस्तानातल्या सियालकोटमध्येही मोठ्या संख्येनं तयार होतो. तोरुपिलला असं सियालकोट नव्हतं. गावातला कुणीतरी ते करायचा, बहुतेकदा वाजवणाराच.

एस्टोनियाच्या आजच्या राजधानीतला, टाल्लिनमधला धर्मोपदेशक बाल्थासार रुस्सोव यानं 1578 साली प्रसिद्ध केलेल्या बखरीत खेड्यांतल्या जत्रांचं वर्णन आहे. संध्याकाळी या मोठाल्या पिशवीवाद्यांचा आवाज जवळजवळ मैलभर ऐकू येतो, असं तो लिहितो. धर्मोपदेशकाला ती जत्रा मुळीच आवडलेली नाही, हे वाचताना कळतं. पण त्याच्या नाराजीमुळेच आपल्याला एक पुरावा मिळाला. लग्नाच्या वरातीत, नाचात, जमीनदाराच्या शेतावर कापणी करणाऱ्या मजुरांचा वेग टिकावा म्हणूनसुद्धा हे वाद्य वाजत असे. त्या खेड्यांच्या आयुष्यात ते जागोजागी होतं.

मग ते गेलं कसं? या प्रश्नापाशी थोडं थांबावंसं वाटतं, कारण जुनं वाद्य मागे पडलं की आपण सरसकट म्हणतो, काळाच्या ओघात गेलं. काळ स्वतः काही करत नाही. कुणीतरी काहीतरी करतं. 18व्या शतकात जर्मनीतल्या हेर्नहुटहून आलेल्या बंधुसंघाची धार्मिक चळवळ एस्टोनियाच्या पश्चिम भागात आणि बेटांवर पसरली. त्या चळवळीनं शेतकऱ्यांना अक्षरओळख दिली, स्वाभिमान दिला, हे खरं आहे. पण नाच, दागिने आणि वाद्यं ही पापाची साधनं ठरली. लोकांनी स्वतःच्या हातांनी तोरुपिल जाळले. हुकूम देऊन जाळणं वेगळं आणि आपल्या आजोबांचं वाद्य आपणच पाप समजून चुलीत घालणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं नुकसान भरून यायला फार वेळ लागतो, कारण वाद्याबरोबर त्याची लाज वाटायची सवयही मागे राहते.

दुसरा धक्का ज्यांच्याकडून बसला ते तर राष्ट्राभिमानीच होते. 1869 साली तार्तू शहरात एस्टोनियाचा पहिला राष्ट्रीय गीतमहोत्सव झाला. त्या देशाच्या जागृतीची सुरुवात म्हणून त्याच्याकडे पाहतात आणि ते योग्यच आहे. त्या महोत्सवात होते पुरुषांचे गायकवृंद आणि पितळी वाद्यांचे बँड. तोरुपिलला तिथे जागा नव्हती. सुशिक्षित होऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला जर्मन पद्धतीचं चार सुरांतलं समूहगान हे प्रगतीचं लक्षण वाटत होतं आणि पिशवीवाद्य हे मागासलेपणाचं. ज्या राष्ट्रासाठी गाणी गायली जात होती, त्याच राष्ट्राचं एक जुनं वाद्य मांडवाबाहेर राहिलं. जागृतीच्या काळात असं घडतं, आपल्याकडेही घडलंय. त्याबद्दल त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. पण "लोकांनाच नको होतं म्हणून गेलं" हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो.

तिसरं कारण मात्र साधं आहे आणि ते मान्य करायला हवं. व्हायोलिन आणि त्यानंतर हाताचा अ‍ॅकॉर्डियन ही वाद्यं खरोखरच सोयीची होती. अ‍ॅकॉर्डियन हवामान पाहून रुसत नाही, त्याचा सूर उतरत नाही, एकटा माणूस रात्रभर नाचवू शकतो. गावकऱ्यांनी तो उचलला यात त्यांचं काही चुकलं नाही.

20व्या शतकाच्या सुरुवातीला संशोधक गावोगाव पोचले, तोवर वादक थोडेच उरले होते. फिनलंडच्या ए. ओ. वॅइसॅनेन या अभ्यासकानं पहिल्या महायुद्धाआधीच्या काही वर्षांत मेणाच्या नळीवर आवाज टिपणारा फोनोग्राफ घेऊन एस्टोनियात तोरुपिलच्या चाली मुद्रित केल्या. हीउमा बेटावर युहान माकेर (1845 ते 1930) हा नावाजलेला वादक होता. लोक त्याला तोरुपिलवाला युस्स म्हणूनच ओळखत. त्याच घराण्यातला आलेक्सांदर माकेर (1890 ते 1968) हा जुन्या अखंड परंपरेतला शेवटचा वादक मानला जातो. 1936 ते 1938 या काळात हर्बर्ट ताम्पेरे आणि आउगुस्त पुल्स्त यांनी लोकवादकांना टाल्लिनच्या आकाशवाणी केंद्रात बोलावून तबकड्यांवर मुद्रण करवून घेतलं. लोकसाहित्याचं राष्ट्रीय संग्रहालय 1927 पासून तार्तूत होतंच. तिथलं काम इतकं शिस्तशीर आहे की हेवा वाटावा.

आता हिशेब मांडून पाहा. मुद्रणं होती. स्वरलेखन होतं. संग्रहालयाच्या कपाटात जुनी वाद्यं होती. अभ्यासक होते. देश 1918 पासून दोन दशकं स्वतंत्र होता, लोकसंस्कृतीबद्दल आदर होता. आपल्याकडे "जतन" या शब्दाखाली जे जे येतं ते सगळं तिथे होतं. तरीही 1970च्या सुमारास देशभरात तोरुपिल वाजवू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीही राहिली नव्हती.

का? कारण आकाशवाणीवर ती चाल ऐकून एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला वाजवावंसं वाटलंच, तर त्यानं वाद्य आणायचं कुठून? कपाटातलं वाद्य हातात मिळत नाही. मिळालं तरी वाजत नाही, कारण पिशवी कडक झालेली असते आणि पत्ती केव्हाच गेलेली असते.

पत्तीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच अडते. अशा वाद्याची पत्ती म्हणजे बोरूची बोटाएवढी कांडी. तिचं एक टोक पेराशी बंद ठेवतात, दुसरं नळीत बसतं. कांडीच्या अंगावर धारदार चाकूनं तिरका छेद देऊन एक लांबट जीभ मोकळी करतात. हवा गेली की ती जीभ थरथरते आणि आवाज निघतो. जिभेच्या मुळाशी दोरा गुंडाळलेला असतो. दोरा पुढे सरकवला की जीभ आखूड होते आणि स्वर चढतो, मागे घेतला की उतरतो. जीभ चिकटून बसायला लागली तर तिच्याखाली एक केस सरकवतात. जीभ जाड राहिली तर बोलत नाही, पातळ झाली तर किंचाळते. श्वासाच्या ओलाव्यानं वाजता वाजता तिचा स्वर बदलतो, म्हणून प्रत्येक नळीतली पत्ती दुसरीशी जुळवून घ्यावी लागते. त्यातही बोटांच्या भोकातला एखादा स्वर चढा लागत असेल तर भोकाच्या वरच्या कडेला मेणाचा कण लावून तो उतरवतात. हे पुस्तकात लिहिता येतं, मी आत्ता लिहिलंच आहे. पण एवढं वाचून कुणी पत्ती करू शकणार नाही. ते करणाऱ्याच्या शेजारी बसून, पन्नास कांड्या वाया घालवून शिकावं लागतं. ज्या दिवशी शेजारी बसायला माणूस उरत नाही, त्या दिवशी वाद्य संपतं. शेवटचा वादक त्यानंतर आणखी वीस वर्षं जगला तरी हिशेबात फरक पडत नाही.

शेजारच्या स्वीडननं हा धडा दोनदा शिकवला आहे. तिथलं पिशवीवाद्य डालार्ना प्रांताच्या पश्चिम भागात तगून होतं. गुडमुंड्स निल्स लार्सन हा तिथला शेवटचा परंपरागत वादक 1949 साली वारला. त्याआधी, 1930च्या दशकाच्या शेवटी, मॅट्स रेनबर्ग या तरुण संशोधकानं त्याला शोधून काढलं. त्यूरे गुडमुंडसन या संगीतशिक्षकानं जुन्या नमुन्यावरून वाद्य बनवलं, शिकलं आणि दोन चाली मुद्रितही केल्या. प्रबंध झाला, मुद्रण झालं, वाद्यही झालं, आणि पुढे जवळपास काहीच घडलं नाही. कारण वाद्य जेमतेम एकाच्या हाती होतं. साधारण 1980च्या सुमारास लेइफ एरिक्सन या सुतारकाम जाणणाऱ्या कारागिरानं पेर गुडमुंडसन या वादकाच्या साथीनं संग्रहालयांतली वाद्यं तपासली आणि आजच्या वादकाला वाजवता येईल असं वाद्य घडवलं. तो एकावर थांबला नाही. वाद्यं होत राहिली, लोक घेत राहिले, दुसरे कारागीर त्याचं पाहून उभे राहिले. आज स्वीडनमध्ये हे वाद्य मजेत जगतंय. दोन्ही वेळा अभ्यास होता, दोन्ही वेळा तळमळ होती. फरक कारागिराचा होता.

एस्टोनियातही तेच झालं. 1970च्या दशकात ओलेव रोमेत (1901 ते 1987) या ज्येष्ठ संगीतज्ञानं तोरुपिल पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं. स्वतः वाजवून तो थांबू शकला असता. टाळ्या मिळाल्या असत्या, "शेवटचा वादक" म्हणून मुलाखती झाल्या असत्या. त्यानं वोल्देमार स्यूदा या कारागिराकडून आपल्या देखरेखीखाली 25 तोरुपिल करून घेतले आणि तरुणांना शिकवायला घेतलं. या सगळ्या हकिकतीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा 25चा आकडा. एक वाद्य ही आठवण असते. पंचवीस वाद्यं म्हणजे पंचवीस घरं, पंचवीस शेजारी, पहिल्या वर्षी वीस जणांनी सोडून दिलं तरी उरणारे पाच. आणि त्या पाचांतून एखादा निघतो, ज्याला वाजवण्यापेक्षा ते उघडून पाहण्यात जास्त रस असतो.

काळही ध्यानात घ्यावा. तेव्हा एस्टोनिया सोव्हिएत सत्तेखाली होता. लोककला अधिकृतरीत्या मान्य होती, पण रंगमंचावरची, इस्त्री केलेल्या पोशाखातली, वरून मंजूर झालेली. त्याच सुमाराला टाल्लिनमध्ये इगोर तॉन्युरिस्त या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकानं चालवलेल्या लेगायुससारख्या गटांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जसं आहे तसं शिकायचं ठरवलं. या तरुणांना नवं तोरुपिल हातात मिळालं ते नेमकं योग्य वेळी.

पुढची पिढी आंट्स ताउल यांची. दक्षिण एस्टोनियात वाल्गा परगण्यातल्या रीदाया इथे ते वाद्यं बनवतात, वाजवतात आणि शिकवतात, आणि त्यांच्या घरात हे काम पुढच्या पिढीतही गेलं आहे. तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली असणं हे मला फार मोलाचं वाटतं. बनवणारा स्वतः वाजवत असेल तर त्याला कळतं की चौथं भोक अर्धा मिलिमीटर वर गेल्यानं अनामिकेला त्रास होतोय. तो शिकवत असेल तर त्याला कळतं की नवख्याच्या छातीत किती दम असतो आणि पत्ती किती सैल द्यायला हवी. नवखा महिन्याभरात कंटाळून वाद्य कोपऱ्यात टाकणार की नाही, हे पुष्कळदा पत्तीच ठरवते. सरकारी प्रशिक्षण केंद्रात ही तीन कामं तीन विभागांकडे गेली असती आणि तिघांची फाइल एकमेकांना भेटली नसती.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. तो घेणारे लोक परंपरेवर प्रेम करणारेच असतात. ते म्हणतात, हे जे उभं राहिलं ते जुनं तोरुपिल नव्हेच. पिशवी आता चामड्याची किंवा कृत्रिम कापडाची. गिटार आणि अ‍ॅकॉर्डियनबरोबर वाजता यावं म्हणून सूर ठराविक पट्टीत बांधलेला. हीउमाच्या माकेरांच्या वाद्यात जे स्वर आपल्या कानाला किंचित तिरपे लागतात, जे बारा स्वरांच्या मोजपट्टीत कुठेच बसत नाहीत, ते नव्या वाद्यात सरळ करून टाकले. मग वाचवलं काय?

या आक्षेपात तथ्य आहे. जुनी मुद्रणं आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात आणि त्या तिरप्या स्वरांत जे आहे ते नव्या वाद्यांत नेहमी सापडत नाही, हे कुणालाही कळेल. सूर सरळ करताना काहीतरी हरवतं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. हरवलेलं परत मिळवायचं तर आधी वाद्य चालू हवं. आज एस्टोनियात जे तरुण वादक जुन्या मुद्रणांकडे वळून त्या तिरप्या स्वरांचा अभ्यास करतात, ते सरळ सुराच्या वाद्यावरच वाढले. ते वाद्य हाती नसतं तर संग्रहालयाच्या दारापर्यंत ते आलेच नसते. कॅटलिन मॅगीसारख्या वादक-शिक्षिकेनं जुन्या चालींचा बारकाईनं अभ्यास केला. ट्रॅड अटॅक या त्रिकुटातली सांद्रा सिल्लामा तोरुपिल घेऊन जगभरच्या मंचांवर जाते, आणि त्यांच्या गाण्यांत जुन्या ध्वनिमुद्रणांतले आवाज थेट मिसळलेले असतात. जुन्या नोंदींत वादकांची नावं बहुतेक पुरुषांचीच सापडतात. आज हे वाद्य पुढे नेणाऱ्यांत स्त्रिया आघाडीवर आहेत. हा बदल "मूळ स्वरूप" जपण्याच्या हट्टातून झाला नसता.

बदल झाला म्हणून परंपरा खोटी ठरत असेल, तर त्याच देशातल्या अ‍ॅकॉर्डियनचं काय म्हणायचं? ज्या वाद्यानं तोरुपिलला हुसकावलं ते मुळात परदेशी. दक्षिणेच्या व्हॉरू भागात आउगुस्त तेप्पो (1875 ते 1959) हा कारागीर झाला. त्यानं अ‍ॅकॉर्डियनला स्वतःचं असं रूप आणि स्वतःचा आवाज दिला. तेप्पोच्या धाटणीचे अ‍ॅकॉर्डियन तिथले कारागीर अजून हातानं करतात आणि लोक ते एस्टोनियाचंच लोकवाद्य मानतात. परकं वाद्य आपलं झालं तेही एका कारागिरामुळे, आणि आपलं वाद्य परत आलं तेही कारागिरांमुळे.

आता महोत्सवांबद्दल. विल्यांदी या छोट्या शहरात 1993 पासून लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरतो. तिथेच संस्कृती अकादमीत लोकसंगीताचं पदवी शिक्षण मिळतं, आणि 2008 पासून जुन्या कोठारात पारंपरिक संगीताचं केंद्रही उभं आहे. म्हणजे मी महोत्सवाच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. पण क्रम पाहा. रोमेत आणि स्यूदा यांची वाद्यं 1970च्या दशकातली. त्यावर वाढलेली पिढी 1980च्या दशकातली. महोत्सव त्यानंतरचा. आपण नेमकं उलटं करतो. आधी मंच बांधतो आणि मग मंचावर बसवायला माणसं शोधत फिरतो.

एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे 13 ते 14 लाख. 2011च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची याहून जास्त भरली होती. एवढ्याशा देशाला आपल्या वाद्याचे कारागीर पोसता येत असतील, तर आपल्याला ते परवडत नाही असं म्हणायची सोय राहत नाही.

आणि आपल्याकडे तोरुपिलचा लांबचा भाऊ शोभावा असं वाद्य आहे. पालघर जिल्ह्यातल्या वारली आणि इतर आदिवासी समाजांचा तारपा. वाळवलेल्या भोपळ्यात हवा साठते, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत बोरूसारख्या कांडीच्या पत्त्या, जोडांना मेण, आणि तोंडाशी ताडाच्या पानांचा कर्णा. तोरुपिलची पिशवी जे काम करते ते इथे वादकाचे गाल करतात. तो नाकानं श्वास घेत गालांतली हवा सोडत राहतो आणि आवाज अखंड चालतो. तारप्याभोवतीच्या नाचाचं ते गोल फिरत जाणारं चित्र आज साड्यांवर, कपांवर, सरकारी इमारतींच्या भिंतींवर, सगळीकडे आहे. चित्रानं जग जिंकलं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ज्या वाद्याभोवती ती माणसं फेर धरतात ते वाद्य बनवणारे हात किती आहेत, हा प्रश्न त्या भिंतीपुढे उभं राहून कुणी विचारत नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे भिकल्या धिंडा तारपा वाजवतात आणि बनवतातही. घरातच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे काम आहे. रीदायाच्या ताउलांच्या घरात जे आहे तेच इथेही आहे. फक्त त्याच्याकडे बघायची आपली नजर "ज्येष्ठ कलावंत" या रकान्याबाहेर जात नाही. ज्येष्ठ कलावंतांना मानधन मिळायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण मानधन माणसाच्या म्हातारपणाची सोय करतं, त्याच्या विद्येची करत नाही.

कारागीर असला की संगीताचं काय होतं, हे पाहायला आपल्याला परदेशी जायचीही गरज नाही. मिरजेत 19व्या शतकात शिकलगारांनी, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यांनी, हत्यारांचं काम आटल्यावर तंतुवाद्यं घडवायला घेतली. देशभरच्या मैफलींत मागे झंकारणारे तंबोरे त्या गल्लीतून गेले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नावाचं रक्षण होतं आणि ते व्हायलाच हवं. जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवायला, शिकणारा मुलगा मात्र त्यानं मिळत नाही. वर्षानुवर्षं शेजारी बसून शिकताना त्याच्या घरी चूल पेटेल एवढे पैसे कोण देणार, हा प्रश्न मानांकनाच्या प्रमाणपत्रावर छापलेला नसतो.

कुणी म्हणेल, हे बाजारावर सोडा. ज्याला वाद्य हवं तो विकत घेईल, मागणी असेल तर कारागीर जगेल. तंबोऱ्याबाबत हे काही अंशी खरं असेल, कारण त्याला देशभर गिऱ्हाईक आहे. तारप्याचं गिऱ्हाईक कोण? ज्याच्याकडे तो वाजतो त्या पाड्यावरचा माणूस फार पैसे देऊ शकत नाही आणि शहरातला माणूस तो भिंतीवर टांगायला घेतो. टांगायच्या वाद्याला पत्ती लागत नाही. बाजार कारागिराला हळूहळू शोभेच्या वस्तू करायला शिकवतो आणि दहा वर्षांत त्याच्या हातातलं कसब जातं. माझ्या मते ही भीती खोटी नाही, कित्येक हस्तकलांचं असं झालेलं आपण पाहिलंय. म्हणून पहिलं गिऱ्हाईक समाजानं, म्हणजे सार्वजनिक पैशानं, व्हायला हवं. रोमेतनं करवून घेतलेली 25 वाद्यं टांगण्यासाठी नव्हती, वाजवण्यासाठी होती. तो फरक खरेदीच्या अटीतच लिहिता येतो.

दुसरी शंका रास्त आहे. सरकार मध्ये आलं की प्रमाणपत्र येतं, प्रमाणपत्र आलं की खोटे कारागीर येतात. म्हणून पैसा संस्थेच्या इमारतीत न घालता थेट बनवणाऱ्याच्या ओट्यावर पोचवावा. ज्या कारागिराकडे शिकाऊ बसेल, त्या शिकाऊला दरमहा विद्यावेतन आणि कारागिराला शिकवण्याचं वेगळं मानधन द्यावं. त्याच्या कामाची परीक्षा कागदावर घेऊ नये. शिकाऊनं केलेलं वाद्य गावच्या नाचात रात्रभर वाजलं की तो पास, आणि तो निकाल त्या नाचणाऱ्यांनी द्यावा. राज्यातल्या संग्रहालयांत जी जुनी वाद्यं आहेत, त्यांची आतली-बाहेरची मापं घेऊन ती कारागिरांना मोकळी करावीत. स्वीडनमधल्या कारागिराला संग्रहालयांची दारं उघडी नसती तर ते वाद्य परत आलंच नसतं. कच्च्या मालाचाही विचार हवा. ठराविक आकाराचा भोपळा, ताडाचं पान, योग्य जाडीची कांडी हे सगळं पिकावं आणि हाताशी राहावं लागतं, म्हणजे यात वनखात्याचा आणि कृषिखात्याचाही संबंध येतो.

यातलं काहीच महाग नाही. जिल्ह्याच्या एका सांस्कृतिक महोत्सवाच्या मांडवाला आणि ध्वनियंत्रणेला जेवढा खर्च येतो, त्याच्या थोड्याशा भागात पालघरच्या दोन-तीन बनवणाऱ्यांकडून पंचवीस तारपे करून घेता येतील. ते जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या तालुक्यांतल्या आश्रमशाळांत द्यावेत, आणि वर्षभर महिन्यातून दोनदा बनवणाऱ्यानं स्वतः शाळेत जाऊन पत्त्या बदलून द्याव्यात, त्याचे पैसे त्याला त्याच दिवशी मिळावेत. यासाठी नवा विभाग लागत नाही, नवा कायदा लागत नाही. पुढच्या अर्थसंकल्पात सांस्कृतिक कार्य आणि आदिवासी विकास या दोन खात्यांनी मिळून एक ओळ घालावी लागते, आणि भोपळे वाळायला वेळ लागतो म्हणून ती पावसाळ्याआधी मंजूर व्हावी लागते.